आयएसएल २०१९-२०: शिल्ड गोव्याची, करंडक कोलकात्याचा आणि फातोर्ड्यातली रिकामी फायनल

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशातील अव्वल व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा २०१९-२० हा सहावा हंगाम. २० ऑक्टोबर २०१९ रोजी कोचीत त्याला सुरुवात झाली आणि १४ मार्च २०२० रोजी मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियममध्ये, एकही प्रेक्षक नसताना, तो संपला. साखळीत पहिला आला एफसी गोवा. अंतिम सामना जिंकला कोलकात्याच्या एटीकेने. दोघांनाही बक्षीस मिळाले, पण दोन्ही बक्षिसांच्या रकमेत आणि मानात मोठी तफावत होती. "लीग नेमकी जिंकली कोणी?" हा गोव्यात आजही गप्पांत निघणारा प्रश्न याच हंगामाने मागे ठेवला.

हंगाम थोडक्यात

- संघ: १०
- साखळी सामने: ९० (प्रत्येक संघाचे १८)
- साखळीतील गोल: २७४, म्हणजे सामन्यामागे तीनपेक्षा किंचित जास्त
- साखळी विजेता (लीग विनर्स शिल्ड): एफसी गोवा, ३९ गुण
- अंतिम विजेता: एटीके (चेन्नईयिनवर ३-१)
- सर्वाधिक गोल: नेरियस वाल्स्किस, रॉय कृष्णा आणि बार्थोलोम्यू ओगबेचे, प्रत्येकी १५
- सर्वोत्तम खेळाडू: ह्युगो बुमूस (एफसी गोवा)

पार्श्वभूमी: गोव्याची सात वर्षांची प्रतीक्षा

या हंगामाचे गोव्याला एवढे अप्रूप का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. आयएसएल येण्याआधी देशात नॅशनल फुटबॉल लीग आणि २००७ पासून आय-लीग होती. त्या काळात गोव्याचे क्लब म्हणजे दबदबा. साळगावकरने १९९८-९९ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय लीग गोव्यात आणली. डेम्पोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा विजेतेपद मिळवले. आय-लीगचे पहिले सहाही हंगाम गोव्याच्याच क्लबांनी जिंकले: डेम्पो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याने कोलकात्याच्या बड्या क्लबांना सलग सहा वर्षे मागे ठेवले होते.

२०१२-१३ मध्ये चर्चिलने जिंकलेली आय-लीग ही त्या मालिकेतली शेवटची. २०१४ मध्ये आयएसएल आली. पैसा, टीव्ही आणि जाहिराती तिकडे वळल्या. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. राष्ट्रीय पातळीवर गोव्याची मुख्य आशा उरली ती एफसी गोवावर.

एफसी गोवाची गाडी मात्र दर वेळी शेवटच्या स्टेशनवर अडत होती. २०१५ मध्ये हा संघ साखळीत पहिला आला. पण तेव्हा पहिल्या क्रमांकाला ना करंडक होता ना आशियाई तिकीट. अंतिम सामना फातोर्ड्यातच होता. शेवटची काही मिनिटे उरलेली असताना गोवा २-१ ने पुढे होता. तिथून चेन्नईयिनने दोन गोल फिरवले आणि घरच्या मैदानावर सगळे होत्याचे नव्हते झाले. त्यातला एक गोल गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला. २०१८-१९ मध्ये मुंबईतल्या अंतिम सामन्यात बेंगळुरू एफसीच्या राहुल भेकेने जादा वेळेत गोल केला आणि गोवा पुन्हा उपविजेता.

या हंगामात नवे काय होते?

ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने (एएफसी) भारतीय फुटबॉलच्या पुढील आराखड्याला मान्यता दिली. देशाची अव्वल लीग म्हणून आय-लीगची जागा आयएसएलने घेतली. साखळीत पहिला येणारा संघ एएफसी चॅम्पियन्स लीगला जाणार, हे ठरले. आय-लीगच्या विजेत्याला दुसऱ्या पातळीवरचा एएफसी कप.

यामुळे साखळीतल्या पहिल्या क्रमांकाला अर्थ आला. आधीच्या पाच हंगामांत पहिल्या चारात येणे पुरेसे असायचे. पहिला आला काय आणि चौथा आला काय, दोघेही उपांत्य फेरीत सारखेच. आता पहिल्याला 'लीग विनर्स शिल्ड' मिळणार होती आणि आशियातल्या बड्या क्लबांशी खेळायची संधीही.

बाकी स्वरूप जुनेच राहिले. दहा संघ, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक सामना घरी आणि एक बाहेर. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पहिले चार संघ उपांत्य फेरीत, तिथे दोन लेग, आणि मग एकच अंतिम सामना. मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडूंना परवानगी होती. तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलण्याची पद्धत नव्हती.

संघांची अदलाबदल: पुणे गेले, हैदराबाद आले

मराठी वाचकाला चटका लावणारा बदल म्हणजे एफसी पुणे सिटी बंद पडला. २०१४ पासून बालेवाडीत खेळणारा हा संघ २०१९ मध्ये स्पर्धेतून गेला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. मार्सेलिन्यो, आदिल खान असे पुण्याचे काही खेळाडू थेट हैदराबादच्या जर्सीत दिसू लागले.

पुण्यात फुटबॉल तरीही झाला, पण पाहुण्यांचा. दिल्ली डायनामोज हा संघ भुवनेश्वरला हलून ओडिशा एफसी झाला होता. तिथले कलिंगा स्टेडियम सुरुवातीला उपलब्ध नसल्याने ओडिशाने आपले घरचे काही सामने बालेवाडीत खेळले. ज्या शहराचा स्वतःचा संघ गेला, तिथे ओडिशाचा संघ यजमान म्हणून उतरत होता.

बाकीचे आठ संघ म्हणजे एफसी गोवा, एटीके, बेंगळुरू एफसी, चेन्नईयिन एफसी, मुंबई सिटी एफसी, केरळ ब्लास्टर्स, जमशेदपूर एफसी आणि नॉर्थईस्ट युनायटेड. इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या मराठी प्रेक्षकाला जवळचा म्हणावा असा संघ नव्हताच. बेळगावकरांना राज्याचा म्हणून बेंगळुरू आणि अंतराने जवळचा म्हणून गोवा.

मराठी मुलुखातले चेहरे मात्र अनेक संघांत विखुरलेले होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, जमशेदपूरकडे होता. मुंबईचा राहुल भेके बेंगळुरूच्या बचावात, मुंबईचाच जयेश राणे एटीकेच्या मधल्या फळीत. गोव्याचा रॉलिन बोर्जेस मुंबई सिटीकडे, तर २०१५ चा तो कट्टीमनी आता हैदराबादच्या गोलपोस्टमध्ये.

एफसी गोवाचा प्रवास

प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा हा गोव्यातला तिसरा हंगाम. चेंडू आपल्या पायात ठेवायचा, मागून बांधत न्यायचा आणि गोल करायला कचरायचे नाही, अशी त्यांची पद्धत. स्पेनचा फेरान कोरोमिनास म्हणजे सगळ्यांचा 'कोरो' पुढे, त्याच्या मागे बुमूस, मधोमध मोरोक्कोचा अहमद जाहू आणि स्पेनचा एडू बेडिया, बचावात सेनेगलचा उंचापुरा मुर्तादा फॉल. त्यांच्या जोडीला ब्रँडन फर्नांडिस, मंदार राव देसाई, लेनी रॉड्रिग्ज, सेरिटन फर्नांडिस, सेव्हियर गामा अशी गोव्याच्या मातीतली मंडळी.

सुरुवात २३ ऑक्टोबरला फातोर्ड्यात चेन्नईयिनवर ३-० अशी झाली. मग बेंगळुरूशी १-१, गुवाहाटीत नॉर्थईस्टशी २-२. मुंबईत मुंबई सिटीला ४-२ ने हरवले, तर नोव्हेंबरअखेर जमशेदपूरने फातोर्ड्यात येऊन १-० असा दणका दिला. कोचीतली २-२ बरोबरी धरली तर सहा सामन्यांत गोव्याचे फक्त नऊ गुण झाले होते. तेव्हा शिल्डची भाषा कोणी करत नव्हते.

डिसेंबरने चित्र पालटले. हैदराबादवर १-०, एटीकेवर २-१, ओडिशावर ३-० आणि चेन्नईत ४-३. सलग चार विजय, बारा गुण. नव्या वर्षाच्या सुरुवातीला बेंगळुरूत सुनील छेत्रीच्या दोन गोलांनी गोव्याला १-२ असे हरवले. मग नॉर्थईस्टवर २-० असा विजय, आणि १८ जानेवारीला कोलकात्यात एटीकेकडून ०-२ असा पराभव. त्या सामन्यातला दुसरा गोल मुंबईच्या जयेश राणेचा. शर्यत आता सरळसरळ गोवा आणि एटीके यांच्यात उरली होती. केरळवर ३-२ आणि ओडिशावर ४-२ अशा विजयांनी गोवा १५ सामन्यांत ३० गुणांवर पोहोचला आणि अव्वल ठरला.

आणि नेमके तेव्हाच, जानेवारीअखेर, क्लबने लोबेरा यांना निरोप दिला. साखळीचे तीन सामने शिल्लक, संघ पहिल्या क्रमांकावर, आणि प्रशिक्षक बाहेर. असे सहसा कुठे घडत नाही. गोव्यातल्या चाहत्यांना हा निर्णय पचायला जड गेला.

सूत्रे आली दोन गोमंतकीयांकडे. तांत्रिक संचालक डेरिक परेरा, ज्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. आणि हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा, डेम्पोच्या सुवर्णकाळातला खेळाडू. पुढचे तीन निकाल असे: हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामन्यांत १४ गोल.

यातला शेवटचा सामना १९ फेब्रुवारीला जमशेदपूरच्या मैदानावर झाला. त्याआधी गोव्याचे ३६ गुण होते आणि एटीकेचे ३३, दोघांचाही एकेक सामना बाकी. गोव्याला एक गुणही पुरेसा होता. संघाने पाच गोल करून तीनही गुण घेतले आणि शिल्ड पक्की केली. चर्चिलच्या २०१२-१३ च्या विजेतेपदानंतर सात वर्षांनी गोव्याचा क्लब पुन्हा देशाच्या अव्वल लीगच्या माथ्यावर होता, आणि शेवटचे तीन सामने त्याला खेळवणारा माणूस डेम्पोच्या मुशीतला होता.

अंतिम गुणतक्ता

| क्र. | संघ | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | झालेले गोल | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | एफसी गोवा | १२ | ३ | ३ | ४६ | २३ | ३९ |
| २ | एटीके | १० | ४ | ४ | ३३ | १६ | ३४ |
| ३ | बेंगळुरू एफसी | ८ | ६ | ४ | २२ | १३ | ३० |
| ४ | चेन्नईयिन एफसी | ८ | ५ | ५ | ३२ | २६ | २९ |
| ५ | मुंबई सिटी एफसी | ७ | ५ | ६ | २५ | २९ | २६ |
| ६ | ओडिशा एफसी | ७ | ४ | ७ | २८ | ३१ | २५ |
| ७ | केरळ ब्लास्टर्स | ४ | ७ | ७ | २९ | ३२ | १९ |
| ८ | जमशेदपूर एफसी | ४ | ६ | ८ | २२ | ३५ | १८ |
| ९ | नॉर्थईस्ट युनायटेड | २ | ८ | ८ | १६ | ३० | १४ |
| १० | हैदराबाद एफसी | २ | ४ | १२ | २१ | ३९ | १० |

तक्ता नीट पाहिला की संघांचे स्वभाव कळतात. गोव्याने दुसऱ्या क्रमांकाच्या एटीकेपेक्षा १३ गोल जास्त केले, पण सातही जास्त खाल्ले. बेंगळुरूचे उलटे: २२ गोलांवर तिसरा क्रमांक, कारण मागचे दार कुलूपबंद. केरळ ब्लास्टर्सच्या एकूण २९ गोलांपैकी १५ एकट्या ओगबेचेचे, तरी संघ सातवा.

इतर संघांचे काय झाले?

*एटीके.* अंतोनियो हबास यांचा संघ. फिजीचा रॉय कृष्णा आणि ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड विल्यम्स ही जोडी न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन फिनिक्समधून सोबतच आली होती. सलामीला कोचीत १-२ असा पराभव झाला, पण पुढच्याच सामन्यात नवख्या हैदराबादला ५-० ने लोळवले. हबास यांचा भर आधी बचावावर, मग झटपट प्रतिहल्ल्यावर. जानेवारी २०२० मध्ये एटीकेच्या मालकांनी मोहन बागानच्या फुटबॉल विभागात ८० टक्के हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले. त्यामुळे 'एटीके' या नावाने खेळला गेलेला हा शेवटचा हंगाम ठरला.

*चेन्नईयिन.* पहिल्या सहा सामन्यांत एकच विजय. जॉन ग्रेगरी यांनी पद सोडले आणि ओवेन कॉइल आले. त्यानंतर लिथुआनियाचा वाल्स्किस आणि ब्राझीलचा राफेल क्रिव्हेलारो यांनी संघाला तळातून उचलून थेट चौथ्या स्थानावर आणले. २१ फेब्रुवारीला मुंबईत मुंबई सिटीला १-० ने हरवून त्यांनी उपांत्य फेरीची शेवटची जागा घेतली.

*मुंबई सिटी.* पाचवा क्रमांक, थोडक्यात हुकलेला. पण मैदानाबाहेर मोठी गोष्ट घडली. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. त्याचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसला.

*हैदराबाद.* पहिला हंगाम खडतर गेला. २ नोव्हेंबरला गच्चीबोवलीत केरळवर २-१ असा पहिला विजय मिळाला, तेव्हा आशा वाटली होती. त्यानंतर १४ सामन्यांत एकही विजय नाही. प्रशिक्षक फिल ब्राऊन जानेवारीत गेले. शेवटच्या सामन्यात मात्र गुवाहाटीत नॉर्थईस्टवर ५-१ असा विजय मिळाला. त्यात गोव्याहून जानेवारीत आलेल्या लिस्टन कुलासोचे दोन गोल होते.

*नॉर्थईस्ट.* घानाचा विश्वचषक गाजवलेला असामोआ ज्ञान याला आणले, पण दुखापतीने त्याचा हंगाम अर्ध्यावरच संपला आणि संघही घसरला.

उपांत्य फेरी: चेन्नईत गेले ते फातोर्ड्यात भरून निघाले नाही

२९ फेब्रुवारीला चेन्नईत पहिला लेग झाला. १८ सामन्यांत तीनदाच हरलेला गोवा तिथे १-४ असा कोसळला. गोव्याचा एकमेव गोल सेव्हियर गामाचा.

७ मार्चला फातोर्डा भरले होते. अंतर तीन गोलांचे. पहिल्या २१ मिनिटांतच स्वयंगोल आणि फॉलचा हेडर यांनी २-० झाले, तेव्हा चमत्कार होणार असे वाटू लागले. उत्तरार्धात लालियानझुआला छांगते आणि वाल्स्किस यांनी सात मिनिटांच्या अंतराने दोन गोल करून स्टेडियम गप्प केले. शेवटी बेडिया आणि पुन्हा फॉल. निकाल ४-२, पण एकूण गोलसंख्या चेन्नईयिन ६, गोवा ५. बरोबरीला एक गोल कमी पडला.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात बेंगळुरूने पहिला लेग १-० ने जिंकला. कोलकात्यात कुरुनियन आशिकने आणखी एक गोल करून बेंगळुरूला दोन गोलांची आघाडी दिली. तिथून कृष्णाचा एक आणि विल्यम्सचे दोन गोल आले. एटीके ३-१ आणि एकूण ३-२ असा पुढे गेला.

अंतिम सामना: १४ मार्च २०२०

मैदान आधीच ठरले होते, फातोर्डा. त्या आठवड्यात कोरोनाची भीती देशभर पसरली आणि सामना बंद दाराआड खेळवायचा निर्णय ऐनवेळी झाला. रिकाम्या खुर्च्यांसमोर एटीकेने ३-१ असा विजय मिळवला. हावी हर्नांडेझने दहाव्या मिनिटाला पहिला आणि भरपाई वेळेत तिसरा गोल केला. मधला एडू गार्सियाचा. चेन्नईयिनकडून वाल्स्किसने एक गोल परत केला, तोच त्याचा पंधरावा. २०१४ आणि २०१६ नंतर कोलकात्याचे हे तिसरे विजेतेपद.

खेळाडूंच्या आरोळ्या आणि चेंडूवर बसणाऱ्या लाथेचा आवाज टीव्हीवर स्वच्छ ऐकू येत होता. पुढे वर्षभर सगळ्यांना याची सवय झाली, तेव्हा मात्र ते विचित्र वाटले. दहा दिवसांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. आय-लीग तर अर्ध्यावरच थांबली. १० मार्चलाच विजेतेपद पक्के केलेल्या मोहन बागानला विजेता घोषित करण्यात आले.

दोन बक्षिसे, एक हिशेब

आता वादाचा मुद्दा. अंतिम विजेत्या एटीकेला ८ कोटी रुपये मिळाले, उपविजेत्या चेन्नईयिनला ४ कोटी. साखळीत पहिल्या आलेल्या गोव्याला शिल्डचे ५० लाख. म्हणजे १८ सामन्यांच्या मेहनतीची किंमत एका सामन्याच्या सोळाव्या हिश्शाएवढी. साखळीत गोव्यापेक्षा दहा गुण मागे राहिलेला चेन्नईयिन बक्षिसात आठपट पुढे.

जगातल्या बहुतेक मोठ्या लीगमध्ये फायनल नसते. इंग्लंड, स्पेन, जर्मनीत तक्त्यात पहिला तोच विजेता. अमेरिकेत मात्र आयएसएलसारखीच दुहेरी पद्धत आहे: साखळीला शिल्ड, बादफेरीला करंडक, आणि तिथे करंडकवालाच 'चॅम्पियन' म्हणवतो. आयएसएलनेही तोच शब्दप्रयोग ठेवला. त्यामुळे अधिकृत नोंदीत २०१९-२० चा चॅम्पियन एटीके आहे आणि गोवा लीग शिल्ड विजेता. सलग १८ सामन्यांचे सातत्य मोठे की दडपणाखाली एक सामना जिंकण्याची धमक मोठी, याचे उत्तर फुटबॉलप्रेमी आपापल्या संघाप्रमाणे देतात.

आयोजकांनाही ही तफावत पुढे खटकली असावी. २०२१-२२ पासून शिल्डची रक्कम साडेतीन कोटींवर नेली आणि अंतिम विजेत्याची ८ वरून ६ कोटींवर आणली.

वैयक्तिक मानकरी

- सर्वोत्तम खेळाडू: ह्युगो बुमूस, एफसी गोवा (११ गोल, १० गोलसाहाय्य)
- गोल्डन बूट: नेरियस वाल्स्किस, चेन्नईयिन
- गोल्डन ग्लव्ह: गुरप्रीत सिंग संधू, बेंगळुरू
- उदयोन्मुख खेळाडू: सुमित राठी, एटीके

गोव्याच्या कोरोने १४ गोल केले. तीन हंगामांत मिळून त्याचे ४८ गोल झाले आणि तो स्पर्धेचा तोपर्यंतचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून गोव्यातून निघाला.

पुढे काय घडले?

शिल्डची खरी कमाई एप्रिल २०२१ मध्ये दिसली. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. गटाचे सामनेही फातोर्ड्यातच झाले, पुन्हा प्रेक्षकांविना. कतारच्या अल रय्यानशी ०-० आणि १-१, अमिरातीच्या अल वहदाशी ०-०. आदल्या स्पर्धेचा उपविजेता असलेल्या इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध बेडियाने पहिला गोल करून गोव्याला आघाडीही मिळवून दिली; तो सामना गोवा १-२ ने हरला. सहा सामन्यांत तीन गुण आणि चार संघांत तिसरा क्रमांक. पाहायला गेले तर छोटे आकडे, पण आशियाच्या त्या पातळीवर भारतीय क्लबने मिळवलेले ते पहिले गुण होते. ते तिकीट अंतिम विजेत्याला नाही, साखळीत पहिल्या आलेल्याला मिळाले होते.

लोबेरा गोव्यातून निघाले ते मुंबई सिटीत पोहोचले. बुमूस, जाहू, फॉल आणि मंदार राव देसाईही त्यांच्याकडे गेले. कोरोनामुळे २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा गोव्यातल्याच तीन मैदानांवर झाला. त्यात मुंबईने शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. गोव्याला जे अर्धे जमले होते, ते गोव्याहून गेलेल्या मंडळींनी मुंबईसाठी गोव्याच्याच मैदानावर पूर्ण केले.

हैदराबादचे दिवसही फिरले. तळाला राहिल्यानंतर दोनच वर्षांनी, २० मार्च २०२२ रोजी, त्यांनी फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून आयएसएल जिंकली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात हैदराबादच्या संघात होता. त्या शूटआऊटमध्ये तीन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक म्हणजे लक्ष्मीकांत कट्टीमनी, २०१५ मध्ये याच फातोर्ड्यात ज्याच्या नावावर तो स्वयंगोल लागला होता. यावेळी स्टेडियममध्ये प्रेक्षकही परत आले होते.